कशावरून?

"कशावरून?" नवऱ्याने विचारलं, आणि तिच्या हातातला चहा कपात पडायचा तो बशीत पडला.

ती एवढंच म्हणाली होती की वरच्या मजल्यावरची मंडळी घर सोडून चाललीत वाटतं. सकाळी चहा पिताना नवरा-बायको जे बोलतात, त्यातलंच एक. त्यावर त्याने नेहमीसारखं "हं" म्हणायचं आणि पावाचा दुसरा तुकडा उचलायचा, अशी या घराची रीत. पण त्याने पाव खाली ठेवला, चष्मा नाकावर वर सरकवला आणि नवा कोट पहिल्यांदा घरातल्या घरात घालून बघावा तशा थाटात विचारलं, "कशावरून? कोणी सांगितलं तुला?" तिने फडकं घेऊन बशी पुसली. कपाचं बूड पुसलं. मग जिथे चहा सांडलाच नव्हता, तिथेही पुसलं. "जिन्यात खोकी दिसली," ती म्हणाली. "खोकी म्हणजे घर सोडलं असं होत नाही. नवीन सामानही आलं असेल. बाई म्हणतात, दिसलं ते वेगळं आणि त्यावरून आपण काढलं ते वेगळं," एवढं बोलून तो समाधानाने पाव खाऊ लागला.

बाई म्हणतात! तो शब्द तिचा होता. उभा जन्म तिने तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला होता. वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिना आणि कागदाच्या कोठाराच्या मधल्या बोळकांडीत तिचं टेबल असायचं. बातमी छापायला जाण्याआधी तिच्या हाताखालून जायची. आकडे, हुद्दे, तारखा, फोटोखालच्या ओळी. दुपारच्या अंकाची घाई असायची, खाली यंत्र घरघरायला लागलेलं असायचं, बातमीदार टेबलावर वाकून म्हणायचे, "बाई, सोडा ना आता," आणि ती पेन्सिल न उचलता विचारायची, "कशावरून?" तिचं नावच पडलं होतं कशावरूनबाई. "कशावरूनबाई जेवायला गेल्यात, तेवढ्यात पान उतरवा रे," असं लोक तिच्या देखत म्हणायचे आणि तीही हसायची. आवडायचं तिला. दुसऱ्या बायकांना सुगरण म्हटलेलं आवडतं, तसं तिला हे. तो शब्द कचेरीतून घरी मात्र कधी आला नाही. म्हणजे ती आणायची, पण दारातच चपलांपाशी राहायचा तो.

कारण घरात हा होता. नळखात्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्यावरसुद्धा हा माणूस काचेवर टिचकी मारल्याशिवाय विश्वास ठेवत नसे. काटा कधीकधी अडकतो, म्हणायचा, टिचकी मारली की खरं बोलतो. आणि असा माणूस घरी आला की कोणी काहीही सांगो, पटलं. निवृत्तीनंतर मुलाने फोन घेऊन दिला आणि मग तर विचारायलाच नको. एकदा कांद्याच्या चकत्या मोज्यात घालून झोपला होता, अंगातलं विष ओढून घेतात म्हणून. दोन दिवस पलंगाला कांद्याचा वास. "अहो, कोणी लिहिलंय हे? डॉक्टर आहे का तो? नाव तरी आहे का खाली?" असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, "एवढे लोक पाठवतात, ते काय वेडे आहेत? तुझं आपलं काहीतरी." तुझं आपलं काहीतरी. त्यांच्या संसारावर काही लिहायचं झालं तर हे शीर्षक चाललं असतं.

वाचनालयाच्या दारावरचा कागद तिनेच वाचला होता, हीच तर गंमत. दर बुधवारी दुपारी, ज्येष्ठांसाठी, फोनवर येणारं खरं-खोटं कसं ओळखावं याचा वर्ग. तिनेच त्याला म्हटलं होतं, "जा, निदान ऐकून तरी या. माझं नाही ऐकत, दुसऱ्याचं ऐका." माणूस किती सहज बोलून जातो. तो गेला आणि त्याने खरंच दुसऱ्याचं ऐकलं.

शिकवणारी बाई पस्तिशीची असेल. पहिल्या आठवड्यात हिने तिला लांबून पाहिलं होतं. किरकोळ बांधा, भराभर मान वळवायची लकब, हातात कायम खडू नाहीतर पेन दोन्ही हातांनी धरलेलं. तिने मनातल्या मनात तिचं नाव खारूताई ठेवलं आणि तिला जरा बरं वाटलं. पण हळूहळू घरात खारूताईच्या शेपटीचे झुपके दिसायला लागले. बुधवारी नवरा दाढी करू लागला. जेवताना सांगू लागला, बाई म्हणतात तीन प्रश्न विचारायचे: कोण सांगतंय, कशावरून, आणि काही राहून गेलंय का? तो बोटं मोजत सांगायचा आणि ती समोर बसून भाजीतलं आलं वेचून बाजूला काढत राहायची. तिला वाटायचं, मी संशयी बाई असते तर किती सोपं झालं असतं. नवऱ्याने त्या पोरीकडे बघितलं असतं, तर तिने एकदा भांडी आपटली असती, दोन दिवस अबोला धरला असता, आणि झालं असतं. बघण्याला काय, डोळे आहेत, बघेल. पण तो ऐकत होता. ज्या कानांत तिचा शब्द कधी शिरला नाही, त्याच कानांत तोच शब्द दुसरीच्या तोंडून सुखाने जाऊन बसला होता, आणि आता सकाळच्या चहाला बाहेर येऊन तिलाच ओळख दाखवत नव्हता.

तिला पुराचा फोटो आठवला. हल्ली तो वारंवार आठवायचा. कचेरीत एकदा पुराचा फोटो आला होता, छातीभर पाण्यातून चालणारी माणसं. सगळे म्हणाले पहिल्या पानावर, मोठा. तिने भिंग लावलं. मागे चपलांच्या दुकानाची पाटी अर्धी दिसत होती, आणि ते दुकान जळून गेल्याला बरीच वर्षं झाली होती. फोटो जुन्या पुराचा! यंत्र थांबवलं गेलं. संपादक स्वतः जिना उतरून तिच्या टेबलापर्यंत आले आणि काही न बोलता तिच्या टेबलावर एक संत्रं ठेवून गेले. ते संत्रं घेऊन ती त्या संध्याकाळी जवळजवळ पळतच घरी आली होती. नवरा रेडिओला कान लावून बसला होता, कसलासा सामना होता. तिने सगळं सांगितलं, भिंग, पाटी, जळालेलं दुकान, जिना उतरलेले संपादक. तो रेडिओवरचा हात न काढता म्हणाला, "हं." त्याच्या "हं"चे प्रकार होते. भूक लागल्याचं हं, झोप आल्याचं हं, पटलं नाही पण भांडण नको याचं हं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. हे नुसतं रिकामं हं होतं. तिने संत्रं सोलून मुलाला दिलं आणि स्वतः एक फोडही खाल्ली नाही.

एका बुधवारी नवऱ्याची दाढ काढली. गाल सुजवून तो पलंगावर पडला आणि कापसाच्या बोळ्यातून म्हणाला, "तू जा. काय झालं ते मला नीट येऊन सांग." म्हणजे आता तिने खारूताईचा निरोप्या व्हायचं! नाही म्हणावंसं वाटलं, तरी पाय वाचनालयाकडे वळले. दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी ती गेली, आणि पहिल्याच रांगेत बसली. वर्ग म्हणजे मासिकांची खोली. घडीच्या खुर्च्या, खिडकीला लावलेला काळा कागद, भिंतीवर चित्र पाडणारं यंत्र आणि त्याच्या तापलेल्या धुळीचा वास. ओळखीचेच चेहरे. जुने बँकवाले आपला नवा फोन उंच धरून बसले होते, मुलीला दाखवायला वर्गाचं चित्रण करणार म्हणून.

आणि खारूताई चांगलं शिकवत होती. हेच सोसवत नव्हतं. थोडी चुकली असती, एखादा शब्द पुस्तकी वापरला असता, म्हाताऱ्यांशी बोलताना लोक लाडिक आवाज काढतात तसा काढला असता, तर तिला किती हलकं वाटलं असतं. तिच्यातली जुनी पेन्सिल टोक करून बसली होती, पण खूण करायला जागा मिळत नव्हती. खारूताई कोणालाही "चूक" म्हणत नव्हती. ती म्हणायची, "बरं, हे तुम्हाला चित्रात कुठे दिसलं?" आणि माणूस स्वतःच डोकं खाजवत मागे यायचा. मग तिने एक नक्कल केली. खांदे पाडले, तोंड वाकडं केलं आणि कोणा चाळिशीतल्या घाईत असलेल्या मुलाच्या आवाजात सुरू झाली, "म्हाताऱ्यांना काय, काहीही पाठवा हो, विश्वास ठेवतात! आकाशातून मासे पडले म्हणा, पडले! डोकं वापरायचं वय गेलं त्यांचं. त्यांना समजावण्यात वेळ कशाला घालवायचा? फोन काढून घ्यावा हातातून, बस!" सगळे पोट धरून हसत होते. खारूताई थांबली, खांदे सरळ केले आणि आपल्या आवाजात म्हणाली, "हे तुमची मुलं म्हणतात. माझा दादाही आमच्या आईबद्दल म्हणतो. आणि मला हे साफ खोटं वाटतं. ज्यांनी आयुष्यभर माणसं पारखली, त्यांना फोन पारखता येणार नाही?" हशा अजून ओसरला नव्हता. ही वाक्यं हशाखालीच वाहून गेली. पण तिचा कान यंत्राच्या घरघरीत शब्द पकडायला तयार झालेला. तिने नेमकं ऐकलं.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "नेहमीचंच होतं."

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादा जातो ना त्या वर्गाला? बघितलंत का काय म्हणते ती भवानी? म्हाताऱ्यांना डोकं नाही म्हणे!" बँकवाल्यांनी कौतुकाने चित्रण सगळ्यांना दिसेल असं फोनवर लावलं होतं. खाली 'आमच्या बाई' असंही लिहिलं होतं. पण फोन तीस सेकंदांवर तुकडा पाडतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. पहिला तुकडा लोकांनी उचलला आणि हातोहात पुढे गेला. दुसरा कोणी पाहिलाच नाही. बोंब झाली तेव्हा बँकवाले इतके घाबरले की त्यांनी फोनमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं. आता उरला होता तो तुकडा, आणि त्यात वाकड्या तोंडाची खारूताई म्हणत होती, फोन काढून घ्यावा हातातून, बस. नवल याचं की वर्गात बसलेल्यांनाही आता तेवढंच आठवत होतं. समोरच्या इमारतीतली शिवणकामवाली, जी त्या दिवशी हसून हसून रडली होती, तीच जिन्यात म्हणाली, "मला तेव्हाच खटकलं होतं हो."

नवऱ्याने तो तुकडा बघितला. पुन्हा बघितला. गाल अजून सुजलेला होता, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. मग त्याने फोन उताणा ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. "काहीतरी राहून गेलंय यात," तो म्हणाला. "तू होतीस ना तिथे? पुढे काय म्हणाली ती?"

स्वयंपाकघरात तिच्या हातात ओला चमचा होता. उभ्या जन्मात त्याने तिला असं विचारलं नव्हतं. फोनला नाही, नणंदेला नाही, तिला. बातमीचं मूळ ती होती. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, अक्षर न अक्षर. ते बाहेर काढलं की त्याचा चेहरा उजळणार, हेही तिला दिसत होतं, आणि तो कोणासाठी उजळणार, तेही. चमच्यावरून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला. ती म्हणाली, "हं."

"म्हणजे एवढंच म्हणाली?"

"हं."

 तो मान हलवून म्हणाला, "तू म्हणालीस म्हणजे झालं." हे वाक्य ऐकण्यासाठी तिने किती वर्षं वाट पाहिली होती! तिला वाटलं होतं, ते आलं की आत कुठेतरी दिवा लागेल. तिने चमचा पुसून ठेवला. दुसरा घेतला, तोही पुसला.

पुढच्या बुधवारी त्याने दाढी केली नाही. दुपारी तिच्यासोबत मटार सोलत बसला. शेंगा फुटल्याचा बारीक आवाज येत होता, खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं, आणि ती स्वतःला सांगत होती, हे बघ, हेच हवं होतं ना? तो गप्पा मारत होता. सगळ्या गोष्टींना "बरोबर आहे तुझं" म्हणत होता. तिने मुद्दाम म्हटलं, "हिरव्यापेक्षा पिवळसर मटार पौष्टिक असतात." तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं."  मटारांखाली त्याचा फोन वाजला आणि त्याने मोठ्याने वाचून दाखवलं की रिकाम्या पोटी मीठ चाटल्याने दृष्टी सुधारते. "उद्यापासून बघायला हवं," तो म्हणाला. संध्याकाळी नणंद फोनवर हसत होती, "वहिनी, आता तर शंकाच नाही उरली कोणाला. दादाने तो तुकडा सगळ्यांना पाठवला, आणि खाली लिहिलंय काय माहितीय? 'माझी बायको स्वतः तिथे होती. ती वर्तमानपत्रात पडताळणी करायची.' तुमच्या शब्दाला काय वजन आहे हो!"

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली. नवऱ्याने विचारलं नाही, कशावरून.

वाचनालयात पुस्तक परत करायला तिला जावंच लागलं. मासिकांच्या खोलीबाहेर खारूताई खोक्यात यंत्राच्या तारा गुंडाळून ठेवत होती. समितीची बैठक शनिवारी होती, त्यात वर्ग बंद करायचं ठरणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. तिला वाटलं, आता ही रडेल, गळ घालेल, मावशी तुम्ही तर पुढेच होतात म्हणेल. त्यासाठी तिने मनात एक कोरडं उत्तरही तयार केलं. खारूताई म्हणाली, "मावशी! काकांचा गाल कसा आहे?"

"उतरला."

"येत नाहीत ते." तिने तारेला उगाच आणखी एक वेढा दिला. "चुकल्यासारखं होतं. ते असले की वर्गाची सुरुवात त्यांच्याच गोष्टीने होते. म्हणजे तुमच्याच. पुराच्या फोटोची. चपलांच्या जळालेल्या दुकानाची पाटी, आणि ते संपादक संत्रं ठेवून जातात ती. काका काय रंगवून सांगतात! पहिल्याच दिवशी उभे राहून म्हणाले, बाई, कशावरून हा प्रश्न तुम्ही आज शिकवताय, आमच्या घरी तो पहिल्यापासून आहे. मी ऐकला नाही, एवढंच."

ती पुस्तक हातात घेऊन उभी राहिली. त्याने ऐकलं होतं. रेडिओवर हात ठेवून, सामन्यात डोकं घालून, त्याने संत्रंसुद्धा ऐकलं होतं. इतकी वर्षं ते त्याच्याजवळ जपून ठेवलेलं होतं, आणि ते त्याने काढून दिलं कोणाला, तर हिला. बायकोला एकदा तरी द्यायचं होतं त्याने. एकदा म्हणायचं होतं, ती तुझी पाटीची गोष्ट सांग ना परत. मनात आलं ते दुःख आहे की आनंद की तोच जुना जळफळाट, हे तिला, आयुष्यभर पारख करणाऱ्या बाईला, ओळखता येईना. "संत्रं आंबट होतं," ती म्हणाली. ते आंबट होतं की गोड, हे तिला कुठे माहीत होतं? पुस्तक परत न करताच ती घरी आली.

शनिवारी समितीच्या बैठकीला नवरा आला तो सगळे चाललेत म्हणून, आणि मागे बसला. ग्रंथपालांनी सगळ्यांना तो तुकडा ऐकवला. बँकवाले उठून म्हणाले की त्यांना काही आठवत नाही, त्यांचं सगळं लक्ष फोन सरळ धरण्यात होतं. खारूताई म्हणाली की पुढेही काही बोलले होते. कोणीतरी म्हणालं, आता काय, आता कोणीही म्हणेल. तेव्हा कशावरूनबाई उठली. गुडघा वाजला. तिने नक्कल केली नाही, बातमी वाचून दाखवावी तशी एका सुरात शेवटपर्यंत सांगितली. मुलं म्हणतात, दादा म्हणतो, साफ खोटं वाटतं, आयुष्यभर माणसं पारखली.

अध्यक्षांनी कानाला हात लावून विचारलं, "कशावरून म्हणता बाई?"

"मी ऐकलं. पहिल्या रांगेतून."

"पण तुमचे यजमान तर लिहितात की..."

"त्यांना मी अर्धंच सांगितलं होतं."

खोलीत खुर्च्या करकरल्या. शिवणकामवाली हळूच म्हणाली, "हो की हो, पारखण्याचं काहीतरी म्हणाली होती खरी." मग आणखी दोघातिघांना आठवलं. वर्ग चालू राहायचं ठरलं. खारूताईने तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. आभार मानायला म्हणून तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. त्या नजरेत पेन्सिलीचं टोक होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. मागे कोण बसलंय, ते तिला पाठीला कळत होतं.

घरी जाताना नवरा दोन पावलं पुढे चालत होता. रस्ता ओलांडताना मात्र तो थांबला, ती शेजारी येईपर्यंत, आणि मग पुन्हा पुढे झाला. रागावला असता, काही विचारलं असतं, तर तिच्याजवळ उत्तर होतं असं नाही, पण शब्द तरी होते. घरी येऊन त्याने चपला काढल्या, खुर्चीत बसला, फोन घेतला आणि एकेका माणसाला काहीतरी लिहीत राहिला. बराच वेळ. तुकडा ज्यांना ज्यांना पाठवला होता, त्या सगळ्यांना असणार. त्याचा अंगठा अक्षरं शोधत सावकाश फिरत होता. काय लिहिलं, ते त्याने वाचून दाखवलं नाही.

तिने चहासाठी आधण ठेवलं. फ्रीज उघडून पाहिला, बंद केला. "दूध संपलंय," ती म्हणाली.

तो उठला. स्वयंपाकघरात आला, तिच्या बाजूने हात लांब करून फ्रीज उघडला. आतल्या उजेडात त्याचा चेहरा, नुकताच उतरलेला गाल, एकदम म्हातारा दिसला. त्याने दारातली दुधाची बाटली उचलली, उजेडासमोर धरली आणि काचेवर टिचकी मारली.

"संपलंय," तो म्हणाला, आणि बाटली जागेवर ठेवून पिशवी शोधू लागला.